नवरा गेला, प्रार्थना सुचत नाही. आता आशा ठेवायची म्हणजे करायचं काय?

प्रश्न नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा:

"माझे मिस्टर टेम्पो चालवायचे. अर्धांगाचा झटका आला, दीड वर्ष अंथरुणावर होते आणि गेल्या पावसाळ्यात वारले. वय ४९. आजारपणात मी बचत गटाचं आणि दोन फायनान्सवाल्यांचं कर्ज काढलं. मुलानं आयटीआय अर्धवट सोडली. बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं सभेत सांगितलं की विश्वासानं पेरा, ते उठून बसतील. मी कानातलं मोडून पैसे दिले. ते गेल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एकीनं म्हटलं, घरात काहीतरी लपलेलं पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडला. तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. डोळे मिटले की रागच येतो. कधीकधी वाटतं सकाळी उठूच नये. सगळे म्हणतात, प्रभूवर आशा ठेव. ठेवायची म्हणजे करायचं काय? आणि रविवारी चर्चला नाही गेलं तर चालेल का?"

ताई, सलाम.

मी निवृत्त पाळक आहे. बरीच वर्षं मंडळ्या सांभाळल्या, नंतर मिशनच्या दवाखान्यात रुग्णांच्या आणि त्यांच्या माणसांच्या सोबतीला बसायचं काम केलं. तुम्ही लिहिलंय तसं मला पुष्कळांनी सांगितलेलं आहे, पण बहुतेकांनी आवाज खाली आणून आणि दाराकडे बघत. तुमचे प्रश्न मी जरा उलटसुलट क्रमानं घेतो. आधी पापाचं, कारण तो आरोप डोक्यात आहे तोवर बाकीचं काही आत उतरणार नाही.

तुमचे मिस्टर कुणाच्या लपलेल्या पापामुळे गेले नाहीत आणि तुमचा विश्वास कमी पडला म्हणूनही गेले नाहीत. हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, शास्त्रात लिहिलंय म्हणून म्हणतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. आणि वाद तिथंच सोडून त्या माणसाच्या डोळ्यांचं बघतो. लूकच्या तेराव्या अध्यायात तर हा विषय तो स्वतःच काढतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो आणि उत्तरही तोच देतो: नाही. पश्चात्तापाचं तो पुढे बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांना उद्देशून. मेलेल्यांच्या पापाचा हिशोब मांडायला तो कुणालाही बसवत नाही. अर्धांग कशानं झालं याचं जे कारण डॉक्टरांनी सांगितलं असेल, तेवढंच धरा. त्याच्यामागे आणखी एक कारण शोधत बसू नका.

ज्या बाई तसं बोलल्या, त्यांना ईयोबाचं पुस्तक ऐकून माहीत असेल, पण ते शेवटपर्यंत वाचलेलं नसावं. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं एवढंच काम चांगलं होतं. तोंड उघडल्यावर त्यांनी तेच काढलं: तुझं काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाशी भांडला, त्याला कोर्टात खेचायची भाषा केली, जन्मलो त्या दिवसाला शिव्याशाप दिले. आणि ४२ व्या अध्यायात देव निवाडा देतो तो मित्रांच्या विरुद्ध. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो अलीफजला सांगतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे दोषी ठरले आणि त्याच्यावर ओरडणारा बरोबर ठरला! आमच्या मंडळ्यांत या अध्यायावर प्रवचन फार कमी होतं.

आता त्या प्रचारकाचं. तुम्ही कानातलं मोडलंत याची लाज तुम्ही वाटून घेऊ नका. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. लाज वाटायची ती घेणाऱ्याला वाटावी. हा धंदा आजचाही नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या काळात बाबेलच्या राजानं यरुशलेमेतली हजारो माणसं पकडून नेली होती. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मयासुद्धा आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर असंच करो! त्यालाही ते हवंच होतं. पण ते खरं नव्हतं. खरा आकडा ७० वर्षांचा होता. तो यिर्मयानं बंदिवानांना पत्रानं कळवला आणि त्याच पत्रात लिहिलं की घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा.

त्याच पत्रातलं एक वचन आज आपल्या घराघरांत कॅलेंडरवर असतं, २९ व्या अध्यायातलं अकरावं. देवाच्या मनातले तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं. तुमच्याही भिंतीवर असेल. ते काढू नका, पण त्याच्या आधीचं, दहावं वचनही वाचा, त्यात ती ७० वर्षं आहेत. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत जाण्याआधी बाबेलातच मरणार होते. म्हणजे ते वचन अडचण लवकर संपेल असं सांगतच नाही. अडचण चालू असताना चूल पेटती ठेवायला सांगतं. लवकर संपेल असं सांगणारा हनन्या होता.

यापुढे कुणी पैशांच्या बदल्यात बरं होण्याची हमी दिली तर उठून या. मोठ्यानं काही बोलायची गरज नाही, चप्पल घाला आणि घरी या.

आता प्रार्थनेचं. डोळे मिटले की राग येतो म्हणता. कुणाचा येतो? देवाचाच ना? मग बोलणं तुटलेलं नाही, फक्त ते गोड उरलेलं नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश ही तक्रारीची आहेत. आपण २३ वं पाठ करतो, १०३ वं गातो, १२१ वं प्रवासाला निघताना म्हणतो. तेराव्या स्तोत्राला कुणी हात लावत नाही. त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'किती काळ' हे चार वेळा आलंय: किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, किती काळ मी मनात कुढू, किती काळ शत्रू माझ्यावर वरचढ राहणार. ८८ वं तर त्याहून कडक. बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते गाळता आलं असतं, निदान शेवटी दोन बऱ्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि मंदिरात गाण्यासाठी ठेवलं.

वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते २२ वं स्तोत्र: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्कनं ते शब्द येशूच्या घरच्या बोलीत, अरामीत, जसेच्या तसे लिहून ठेवलेत. ऐकणाऱ्यांच्या कानात ते राहिले असणार. तुम्हाला तुमचा राग अविश्वास वाटतो. मग शुभ शुक्रवारी सात उद्गारांच्या उपासनेत आपण या चौथ्या उद्गाराला काय म्हणायचं?

तर करायचं असं. रोज एकच स्तोत्र, आणि मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलं तर ते डोळ्यांवरूनच जातं. १३ पासून सुरू करा, मग ४२, ७७, ८८, १३०. एखाद्या दिवशी एकच ओळ झाली तर एकच. "शेवटी स्तुती यायलाच पाहिजे" ही अट काढून टाका. स्तोत्राचे शब्दही जड वाटले तर प्रभूची प्रार्थना म्हणा आणि तिथंच थांबा. वसईच्या आपल्या कॅथलिक बहिणी घरात मयत झाली की रात्री माळेची प्रार्थना करतात. आम्हा प्रॉटेस्टंट लोकांना वाटतं, तेच तेच शब्द काय पुन्हा म्हणायचे. पण स्वतःचे शब्द संपलेल्या माणसाला दुसऱ्यानं घडवून ठेवलेले शब्द किती उपयोगी पडतात ते दवाखान्यात बसल्यावर कळतं. आपल्याकडे त्याऐवजी गाणी आहेत. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकात नारायण वामन टिळकांची पुष्कळ गाणी आहेत, आणि ती अभंग-ओवीच्या वळणाची असल्यामुळे भाकरी थापतानाही म्हणता येतात. प्रार्थना म्हणून बसूच नका काही दिवस. गुणगुणा.

विलापगीत या पुस्तकाचाही एक धागा सांगतो. पाच अध्याय आहेत, यरुशलेम पडल्यानंतरचे. त्यातलं एकच ठिकाण सगळ्यांना माहीत असतं, तिसऱ्या अध्यायातलं: त्याची करुणा दर सकाळी नवी होते. हे वचन पुस्तकाच्या जवळपास मध्यावर आहे. प्रचारकाच्या हातात असतं तर त्यानं ते शेवटी नेऊन ठेवलं असतं. इथं मात्र ते म्हणून झाल्यावर माणूस पुन्हा रडायला लागतो, आणखी दोन अध्याय रडतो आणि पुस्तक जवळपास प्रश्नावर संपतं: की तू आम्हाला कायमचंच टाकलंस? तुम्हालाही एखाद्या सकाळी बरं वाटेल, देव जवळ आहे असं वाटेल, आणि दुपारी फायनान्सवाल्याचा फोन आल्यावर सगळं पुन्हा कोसळेल. तेव्हा सकाळचं खोटं होतं असं समजू नका.

"सकाळी उठूच नये" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी ते सहज घेत नाही. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि लगेच नंतर तो रानात रतामाच्या झुडपाखाली पडून देवाला म्हणाला, पुरे आता, माझा जीव घे. देवानं त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. देवदूत पाठवला, त्यानं भाकर आणि पाणी दिलं, एलीया खाऊन पुन्हा झोपला, मग दूतानं दुसऱ्यांदा उठवून खायला घातलं. बोलणं झालं ते ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा आधी झोप आणि जेवण. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, घास उतरत नसेल, मरणाचा विचार परत परत येत असेल तर सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि विचार नुसता विचार न राहता मनात काही ठरायला लागलं, तर त्याच क्षणी घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला सांगा आणि एकट्या राहू नका. गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं, असं कुणी म्हणालं तर त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे का ते विचारा.

इतकं झाल्यावर आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: आशा ठेवायची म्हणजे करायचं काय?

आपल्या बोलण्यात आशा म्हणजे मनाला येणारी उभारी. ती आली तर आली, नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. पौलानं रोमकरांस लिहिताना संकट, मग धीर, मग शील आणि मग आशा असा क्रम लावलाय. आशा शेवटी येते. तुम्हाला सगळे ती पहिल्याच पायरीवर मागताहेत. हाच पौल करिंथकरांना लिहितो की आसियात आमच्यावर इतकं ओझं पडलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. प्रेषित होता तो, आणि हे त्यानं मंडळीत मोठ्यानं वाचलं जाणाऱ्या पत्रात लिहिलं.

ख्रिस्ती आशेचा पाया एकच आहे: ज्या देवानं येशूला मेलेल्यांतून उठवलं, तो तुमच्या माणसालाही मातीत सोडणार नाही. याला मी पुरावा देऊ शकत नाही. मी यावर विश्वास ठेवतो आणि दफनाच्या वेळी माती टाकताना हेच म्हणत आलो. पण यातलं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या, थोमाला त्यानं त्या दाखवल्या. झालेलं पुसून टाकून पुनरुत्थान झालेलं नाही. तुमची ती दीड वर्षं, पाठीला झालेल्या जखमा धुणं, रात्री कूस बदलून देणं, हे सगळं वाया गेलं आणि विसरून जायचं, असं आमचा विश्वास म्हणत नाही. आणि थेस्सलनीकाकरांचं ते वचन, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, ते तुम्हाला गप्प करायला कुणी वापरलं तर ऐकून घेऊ नका. शोक करूच नका असं पौल तिथं म्हणत नाही. लाजराच्या कबरेपाशी, त्याला पाच मिनिटांत उठवणार हे माहीत असतानाही, येशू रडला.

पाया हा. त्यावर करायचं काय, याला यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायासारखं दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही. शहराला वेढा पडलाय. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. यरुशलेम पडणार हे त्यानंच सांगितलंय, म्हणून तर कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातलं शेत! यिर्मया ते घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक मोहरबंद आणि एक उघडं अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडे देतो आणि मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. हे सगळं पार पडल्यावर मग तो प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत त्याचा गोंधळच दिसतो: शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? उभारी आली म्हणून त्यानं शेत घेतलं नाही. आधी व्यवहार केला, मग देवाला विचारलं. पुढे लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले, त्या शेतात त्यानं पीक काढल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

हे वाचताना मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवास आणि त्या अर्धपोटी, पायी देशभर फिरले. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ च्या सुरुवातीला नवरा, बिपिनबिहारी मेधावी, पटकीनं गेले. तेव्हा रमाबाईंना चोविसावं पुरं झालेलं नव्हतं आणि मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्याच लिहिण्यावरून दिसतं की धर्म स्वीकारला तरी मनाची शांती मिळायला आणखी कित्येक वर्षं गेली. तुमची काही महिन्यांत मिळाली नाही म्हणून घाबरू नका.

मला त्यांचं पुढचं महत्त्वाचं वाटतं. शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत असतानाच त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली (दौंडजवळचं केडगाव, नगरजवळचं नव्हे). संस्थेला पुढे उत्पन्न व्हावं हा साधा हिशोब होता. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, शेकडोंनी. पुण्यात प्लेग आला आणि या मुलींना ठेवायला जागा उरली ती केडगावची. मुक्ती मिशन तिथं उभं राहिलं. आपलं घर ज्या दुष्काळानं खाल्लं, त्याचं कारण काय, देवानं असं का केलं, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं होतं का, मला नाही वाटत. दुष्काळातली मुलगी बघितल्यावर काय करायचं हे मात्र त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. म्हातारपणी त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती काम सोपवायचं होतं तीच. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही, ते पूर्णत्वाला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघालं ते त्यांच्या माघारी.

तुम्हाला रमाबाई व्हायला कुणी सांगत नाही. तुमचं अनाथोथचं शेत लहान असेल. मुलाला आयटीआयमध्ये पुन्हा प्रवेश मिळतो का हे जाऊन विचारणं, परसात शेवग्याची फांदी खोचणं, पुढच्या पावसाळ्याआधी पत्र्याची गळती बंद करून घेणं. पुढे दिवस आहेत असं धरून केलेलं एक काम, मनाला तसं वाटत नसताना. आठवड्याला एक पुरे.

मुलाबद्दल एवढंच: आता तूच घरचा कर्ता, असं त्याला कुणालाही म्हणू देऊ नका. पाहुण्यांना बजावून सांगा. त्याचा बाप गेलाय, त्याला आधी रडू दे.

आणि कर्ज. पाळकानं कर्जावर काय बोलायचं असं कुणाला वाटेल, पण रात्री जागवतं ते हेच. सगळ्या कर्जांची कार्डं आणि पासबुकं एका पिशवीत घाला आणि मंडळीतल्या बँकेत काम केलेल्या किंवा शिक्षक असलेल्या एखाद्या माणसाला घेऊन बसा. फायनान्सच्या कर्जाबरोबर बऱ्याचदा विमा काढलेला असतो आणि त्यात नवऱ्याचंही नाव असतं. तसं असेल तर मृत्यूच्या दाखल्यावर कर्जाची रक्कम माफ होऊ शकते. हे ते आपणहून सांगतीलच असं नाही, लेखी विचारा. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची शाखा असते, विधवांना दरमहा अनुदान मिळतं. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेत २०,००० रुपये एकरकमी मिळतात. त्यासाठी गेलेला कमावता माणूस १८ ते ५९ वयातला लागतो, तुमच्या मिस्टरांचं वय त्यात बसतं. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन लवकर जा.

हे मागताना संकोच होईल. फिलिप्पैकरांच्या पत्रातलं एक वचन गाड्यांच्या काचांवर लावलेलं असतं, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे. टेम्पोवरही असेल. त्याच्या लगेच पुढच्या वचनात तुरुंगातला पौल म्हणतो, तरीपण माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे बरं केलंत. आणि एपफ्रदीताच्या हाती तुम्ही पाठवलेलं मला पोचलं, अशी पोचही देतो. सामर्थ्य देवाचं आणि मदत माणसाच्या हातून, असं त्याला एकाच पत्रात लिहिता आलं.

राहिलं रविवारचं. काही आठवडे नाही गेलात तर देव रुसणार नाही. पण महिनोन्‌महिने एकट्या राहू नका, असं माझं मत आहे. एकटेपणात त्या बाईचं वाक्य मोठं होत जातं, ते खोडायला कुणी नसतं. उपासना सुरू झाल्यावर जा, शेवटच्या बाकावर बसा. गाणं आलं नाही तर गाऊ नका, बाकीचे तुमच्याऐवजी गातात, मंडळी असते ती त्याचसाठी. साक्ष सांगायची वेळ आली आणि कुणी बरं झाल्याची साक्ष ऐकणं तुम्हाला सहन होत नसेल तर बाहेर या. प्रभुभोजन मात्र शक्यतो चुकवू नका. तिथं तुम्हाला काही बोलावं लागत नाही, हात पुढे करायचा, एवढंच.

आणि तुमच्या पाळकांना भेटा. वर्षाची स्मरणप्रार्थना येईल. त्या दिवशी १३ वं किंवा १३० वं स्तोत्र वाचा असं त्यांना आधीच सांगा, आणि प्रवचन विश्वासाच्या कमतरतेवर नको हेही सांगा. ते ऐकत नसतील तर दुसऱ्या मंडळीतले पाळक बोलावता येतात, तशी पद्धत आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही.